मोटारीचें चक्र आणि चालकाचा हात

मोटारगाडी विकत घेण्यास गेलेला मनुष्य दुकानांत प्रथम काय करतो, हें आपण कधीं निरखून पाहिलें आहे काय? गाडीभोंवतीं एक फेरी घालून झाली, कीं तो दार उघडून चालकाच्या आसनावर बसतो आणि दोन्ही हात समोरच्या चक्रावर ठेवतो. इंजिन कसें आहे, हें त्याला त्या क्षणीं ठाऊक नसतें. पुढें पेट्रोल किती लागणार, याचाही अंदाज नसतो. परंतु हातांत धरलेलें चक्र आवडलें कीं नावडलें, हें मात्र त्याला तत्काळ कळतें. कोणास तें जाड हवें असतें, कोणास बारीक. कोणास चामड्याचें, तर कोणास गुळगुळीत. कारण विचारलें तर सांगतां येत नाहीं. ‘हाताला बरें वाटतें,’ एवढेंच उत्तर मिळतें.

ह्या ‘हाताला बरें वाटण्या’चा थोडासा इतिहास आज सांगण्याचा माझा विचार आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु हाताला काय रुचतें आणि शरीराला काय मानवतें, ह्या दोहोंतील अंतरापायीं पुष्कळांचे प्राण गेलेले आहेत. म्हणून तो मला तितका क्षुल्लक वाटत नाहीं. आमचे चालक ह्या वस्तूला ‘स्टेरिंग’ म्हणतात, सुशिक्षित मंडळी ‘स्टिअरिंग व्हील’ म्हणतात. मी आपला सोयीसाठीं ‘चक्र’ हाच शब्द वापरणार आहें.

आरंभीं मोटारीला चक्र नव्हतेंच. कार्ल बेंझ यांनीं 1886 सालीं ज्या तीनचाकी गाडीचें पेटंट मिळविलें, तिचें पुढचें एकुलतें एक चाक वळविण्यासाठीं चालकापुढें एका उभ्या दांडीवर लहानशी मूठ बसविलेली होती. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांना होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा असे. हें स्वाभाविकच होतें. घोड्याला लगाम होता, बैलाला कासरा होता. ज्या वाहनाला जनावरच नाहीं तें वळवावयाचें कसें, असा प्रश्न उभा राहिला तेव्हां माणसाला होडी आठवली. दांडा हाताला सरळ कळतो. तो जितका हलवावा तितकें चाक वळतें. मध्यें कसलीही गुंतागुंत नाहीं.

परंतु त्यांतच धोका होता. चालकानें दांडा हलविला कीं चाक वळतें, तसेंच चाकानें दगडाला धडक दिली कीं दांडाही हलतो, आणि तो चालकाच्या हातांतून हिसकला जातो. ताशीं दहा-बारा मैलांच्या वेगाला हें चालून गेलें. वेग वाढूं लागला तेव्हां तें चालेना.

येथें एमिल लव्हासोर या फ्रेंच यंत्रज्ञाची कथा सांगितली पाहिजे. पॅनहार्ड आणि लव्हासोर ही पॅरिसची मोठी पेढी. तिचे हे भागीदार. 1895 सालीं पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत पॅरिसला यावयाचें, अशी 1178 किलोमीटरांची शर्यत झाली. ह्या गृहस्थांनीं जवळजवळ सर्व वेळ स्वतःच गाडी हांकून ती 48 तास 48 मिनिटांत पुरी केली आणि इतर सर्वांच्या पुष्कळ अगोदर ते परत आले. (पहिलें बक्षीस मात्र त्यांना मिळालें नाहीं, तें चार आसनांच्या गाडीसाठीं होतें आणि यांची गाडी दोन आसनांची होती.) दोन दिवस आणि दोन रात्री हातांत तो थरथरणारा दांडा, पुढें मिणमिणता दिवा आणि खालीं खडीचा रस्ता! त्या हातांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढच्याच वर्षीं, 1896 मध्यें, पॅरिस ते मार्सेय आणि परत अशा शर्यतींत आव्हिन्योंजवळ त्यांची गाडी उलटली आणि ते बाहेर फेंकले गेले. त्या दुखण्यांतून ते नीट उठलेच नाहींत. 1897 च्या एप्रिलमध्यें त्यांचें देहावसान झालें.

विलक्षण गोष्ट अशी, कीं चक्र त्यापूर्वींच अवतरलेलें होतें. 1894 सालीं पॅरिस ते रुआं ही पहिली मोठी चाचणी-शर्यत झाली, तींत आल्फ्रेद व्हाशरों नांवाच्या एका स्पर्धकानें आपल्या पॅनहार्ड गाडीला दांड्याऐवजीं चक्र बसविलें होतें. म्हणजे लव्हासोर यांच्या स्वतःच्याच पेढीची ती गाडी! तरीही पेढीनें दांडा सोडला नाहीं. हाताची संवय ही अशी असते. लव्हासोर यांच्या पश्चात् त्यांची जागा आर्थर क्रेब्ज यांनीं घेतली, आणि 1898 सालच्या पॅरिस-ॲम्स्टरडॅम शर्यतीसाठीं त्यांनीं पॅनहार्ड गाडीला चक्र दिलें. तेंही आडवें, मेजासारखें नव्हे, तर चालकाकडे कललेलें. ही कलती दांडी हाच खरा शोध होय, असें माझें मत आहे. आडव्या चक्राला दोन्ही हात उचलून धरावे लागतात; कललेल्या चक्रावर ते विसांवतात. अमेरिकेंत पॅकार्ड यांनीं 1899 मध्यें चक्र घेतलें, आणि मग एकामागून एक सर्वच कारखान्यांनीं घेतलें.

चक्राचा गुण कोणता? पहिला असा, कीं चक्राच्या दांडीच्या टोंकाशीं दंतचक्रांची योजना करतां येते. हातानें पुष्कळ फिरवावें आणि चाकानें थोडें वळावें, असें गणित त्यांत बसवितां येतें. म्हणजे हाताला जोर कमी लागतो, आणि उलटपक्षीं दगडाचा हिसका हातापर्यंत येतां येतां बोथट होतो. दुसरा गुण याहून सूक्ष्म आहे. चक्र कोठेंही धरलें तरी तें सारखेंच असतें. वळण संपल्यावर चाकें आपण होऊन सरळ होऊं पाहतात, तेव्हां चालक मूठ सैल करतो आणि कड त्याच्या तळहातांतून सरकत परत जागेवर येते. त्याला तिकडे पाहावें लागत नाहीं. हा दुसरा गुण आपण ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

तरीसुद्धां दांड्याचे भक्त कांहीं वर्षें टिकून राहिले, आणि ते कोणी अडाणी नव्हते. इंग्लंडांत डॉ. फ्रेडरिक लँचेस्टर हे विमानविद्येंतही नांवाजलेले प्रज्ञावंत होते. त्यांच्या गाड्यांना विसाव्या शतकांतील पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत बाजूचा दांडा होता. अमेरिकेंत, ज्या ओल्ड्समोबील गाडीनें मोटार सामान्यांच्या दारांत नेली, तिलाही दांडाच होता. आणि विजेच्या गाड्यांनीं तर तो पुष्कळ काळ सोडला नाहीं. ह्या गाड्या हळू चालत, शहरांत चालत, आणि त्यांचे कारखानदार मुख्यतः स्त्रियांना डोळ्यांपुढें ठेवून जाहिराती करीत. गाडीच्या आंत बैठकीच्या खोलीसारख्या गाद्या आणि हाताशीं एक सुबक दांडा, असा त्यांचा थाट असे. हेन्री फोर्ड ज्या काळांत चक्राच्या गाड्या लाखांनीं विकीत होते, त्या काळांत त्यांच्या पत्नी क्लॅरा फोर्ड ह्या 1914 सालची ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ गाडी वापरीत, आणि ती दांड्यानें वळत असे. घरांतील आवड आणि कारखान्यांतील धोरण यांचें सख्य असतेंच असें नाहीं!

फोर्ड यांचें ‘मॉडेल टी’ 1908 मध्यें निघालें. त्याच्या चक्राखालीं दोन लहान दांड्या होत्या: डावी ठिणगीची वेळ मागेंपुढें करण्याची, उजवी इंजिनाला इंधन देण्याची. पायाखालीं ॲक्सिलरेटर नव्हता. गाडीचा वेग बोटांनीं कमीजास्त करावयाचा. त्यामुळें त्या पिढीचा चालक चक्र नुसतें फिरवीत नसे, त्याच्याभोंवतीं बोटें खेळवीत असे. फोर्ड यांच्या चक्राविषयीं आणखी एक गमतीची गोष्ट आहे. प्रथम त्याची कड लांकडाची होती. पुढें त्यांच्या कारखान्यानें ‘फोर्डाइट’ नांवाचा एक लगदा तयार केला. त्यांत रबर, गंधक यांच्या जोडीला गव्हाचा पेंढा असे, आणि त्यांतील पुष्कळसा पेंढा फोर्ड यांच्याच शेतांतून येई. शेतकऱ्याच्या ज्या मुलानें शेतीला कंटाळून यंत्राची वाट धरली, त्याच्या गाडीच्या चक्रांत शेवटीं शेतच येऊन बसलें.

यानंतर बराच काळ चक्राचा आकार एका गोष्टीनें ठरविला: चालकाच्या दंडांतील बळानें. गाड्या जड होत गेल्या, चाकें रुंद झालीं, आणि तीं वळविण्यास जोर फार लागूं लागला. उपाय दोनच होते. चक्र मोठें करावें, किंवा दंतचक्रांचें प्रमाण बदलून तें अधिक वेळां फिरवावें. अमेरिकन कारखान्यांनीं दोन्ही केलें. सतरा-अठरा इंच व्यासाचें चक्र, आणि एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पांच-पांच वेढे! आपल्याकडील जुन्या ट्रकचालकांना हें सांगावयास नको. खंडाळ्याच्या घाटांत भरलेला ट्रक वळवितांना ते आसनावरून अर्धवट उठत आणि सारें अंग चक्रावर टाकीत, हें दृश्य पाहिलेलीं माणसें अद्याप पुष्कळ आहेत.

हा जोर यंत्राकडून करवून घ्यावा, ही कल्पना फ्रान्सिस डेव्हिस यांनीं 1926 सालींच प्रत्यक्षांत आणून दाखविली होती. तेलाच्या दाबानें चाकें वळविणारी त्यांची योजना पिअर्स-ॲरो गाडीवर चालत होती. परंतु ती विक्रीच्या मोटारींत येण्यास 1951 साल उजाडलें. त्या वर्षीं क्रायस्लर यांनीं आपल्या इम्पीरिअल गाडींत ती दिली. आतां मोठ्या चक्राचें कारणच संपलें होतें. बोटानें फिरणाऱ्या चक्राला अठरा इंचांचा व्यास कशाला हवा? पण चक्रें एकाएकीं लहान झालीं नाहींत. लोकांना मोठें चक्र म्हणजे मोठी गाडी असें वाटे. हस्तिदंती रंगाचें, रुप्यासारख्या चकाकत्या कड्याचें तें भलें थोरलें चक्र ही प्रतिष्ठेची खूण होऊन बसली होती. गरज सरल्यानंतरही जी वस्तु टिकते, तिलाच आपण पुष्कळ वेळां आवड म्हणतों.

लहान चक्राची आवड लोकांना लागली ती शर्यतींच्या मैदानावरून. पूर्वींचे शर्यतवीर चक्राला छाती भिडवून, कोंपर बाहेर काढून बसत. त्याखेरीज तें अवजड चक्र आवरतच नसे. इटालीचे ज्युझेप्पे फारिना, जे 1950 सालीं पहिले जगज्जेते झाले, ते मात्र मागें रेलून, हात लांब सोडून गाडी चालवीत. ती ऐट पाहून इंग्लंडच्या तरुण स्टर्लिंग मॉस यांनीं तीच ढब उचलली, आणि मॉस यांची पाहून साऱ्या जगानें उचलली. त्याच सुमारास ट्यूरिन येथील एन्रिको नार्डी यांचीं लांकडी चक्रें प्रसिद्धीस आलीं. पातळ ॲल्युमिनियमचे तीन आरे आणि त्यांवर घासून-पुसून चकचकीत केलेली लांकडाची कड. वास्तविक लांकडाचें युग केव्हांच मागें पडलें होतें. तथापि हातांत धरल्यावर लांकडाला जी ऊब असते ती लगद्याला नसते, आणि ह्या ऊबेसाठीं लोक कारखान्यानें दिलेलें चक्र काढून टाकून, पदरचे पैसे घालून, नार्डीचें चक्र बसवूं लागले. आपल्या हाताला आपल्या पसंतीचें चक्र, ही हौस तेव्हांपासून एक स्वतंत्र व्यापारच झाली. घरांतील चार माणसांना घेऊन भाजी आणावयास जाणारा गृहस्थ हात ताठ करून, मागें रेलून, शर्यतीच्या चक्राशीं लडिवाळपणा करूं लागला! मीं स्वतः तरुणपणीं हें केलेलें आहे. म्हणून हंसण्याचा मला अधिकार आहे.

परंतु ह्याच काळांत एक गोष्ट डॉक्टरांना दिसत होती, जी गिऱ्हाइकांना दिसत नव्हती. समोरून टक्कर झाली कीं चक्राची दांडी, जी एक अखंड लोखंडी पहार असे, ती मागें ढकलली जाई आणि चालकाच्या छातींत भाल्यासारखी शिरे. तुंबा पुढें आलेला, आरे बारीक, कड ठिसूळ. जें चक्र हाताला बरें वाटत होतें, तेंच छातीला प्राणघातक होतें. 1956 सालीं फोर्ड कंपनीनें खोलगट बशीसारखें चक्र आणलें. त्याचा तुंबा कडेच्या पुष्कळ मागें होता, म्हणजे छाती प्रथम कडेवर आदळे आणि कड थोडी वांकून आघात सोसून घेई. कंपनीनें त्या वर्षीं सुरक्षिततेची जाहिरातही जोरांत केली. परंतु विक्रींत शेव्हरोलेची गाडी पुढें गेली, आणि सुरक्षितता विकली जात नाहीं, असा सोयीस्कर निष्कर्ष मोटारींच्या धंद्यानें काढला. माझ्या मतें तो निष्कर्ष घाईचा होता. त्या वर्षीं शेव्हरोले पुढें जाण्याला दुसरींही कारणें होतीं. पण त्या समजुतीची किंमत पुढें दहा वर्षें चालकांनीं भरली.

ती दांडी अखेर मोडती झाली 1967 मध्यें. अमेरिकेंत जनरल मोटर्स यांनीं आणि जर्मनींत मर्सिडीझ यांनीं त्याच वर्षीं अशा दांड्या बसविल्या, कीं धक्का बसतांच त्या दुर्बिणीच्या नळीसारख्या मिटतात. मर्सिडीझच्या योजनेमागें बेला बारेनी यांचें वर्षानुवर्षांचें संशोधन होतें. 1968 च्या आरंभापासून अमेरिकन सरकारनें अशी योजना कायद्यानें सक्तीची केली. गिऱ्हाइकांना आवडो वा न आवडो! पुढें 1981 मध्यें मर्सिडीझ यांनीं चक्राच्या तुंब्यांतच हवेची घडी घातलेली पिशवी बसविली, आणि आतां ती सर्वत्र आली आहे. भारतांतही 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत चालकासाठीं ती सक्तीची आहे. ह्या पिशवीनें हातालाही नवी शिस्त लावली. पूर्वीं घड्याळांतील दहा आणि दोन ह्या आंकड्यांवर हात ठेवावे, असें शिकवीत असत. आतां नऊ आणि तीन ह्यांवर ठेवावे, असें सांगतात, कारण पिशवी उघडते ती क्षणार्धांत, आणि वर असलेले हात ती चालकाच्याच तोंडावर फेंकूं शकते. मागें रेलून हात ताठ करण्याची ती शर्यतवाली ढबही आतां शहाणपणाची मानली जात नाहीं.

आतां त्या दुसऱ्या गुणाकडे वळूं, जो ध्यानांत ठेवण्यास मीं सांगितलें होतें. 1973 सालीं इंग्लंडांत ऑस्टिन ॲलेग्रो नांवाची गाडी बाजारांत आली. तिचें चक्र गोल नव्हतें. कोंपरे गोलावलेल्या चौकोनासारखें होतें. कारखान्याचें म्हणणें असें, कीं ह्यामुळें गुडघ्यांना जागा मिळते आणि समोरचीं घड्याळें नीट दिसतात. हें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु लोकांनीं तें चक्र हातांत घेतलें आणि ते हंसूं लागले. दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंत कारखान्याला निमूटपणें गोल चक्राकडे परतावें लागलें. ह्या प्रकाराला लोकांचा हट्ट म्हणून पुष्कळांनीं नांवें ठेवलीं आहेत. मला मात्र लोकांची बाजू रास्त वाटते. वळण संपून चक्र तळहातांतून सरकत परत येतें, तेव्हां वर्तुळाची कड हाताला कोठेंही अडत नाहीं. चौकोनाचा कोंपरा मात्र येतो आणि जातो, आणि प्रत्येक वेळीं हाताला त्याची दखल घ्यावी लागते. लोकांना हें शब्दांत सांगतां आलें नाहीं. त्यांच्या हातांना तें कळलें होतें.

हाच प्रयोग 2021 मध्यें अमेरिकेंत टेस्ला कंपनीनें केला. तिनें आपल्या दोन महागड्या गाड्यांना वरची कड कापलेलें, विमानाच्या सुकाणूसारखें चक्र दिलें. शर्यतीच्या गाडींत असलें चक्र चालतें, कारण तेथें तें पुरा एक वेढाही फिरवावें लागत नाहीं. पण अरुंद गल्लींत गाडी मागें घेतांना चक्र वेढ्यामागून वेढा फिरवावें लागतें, आणि तेथें नेमकी ती वरची कड हाताला सांपडत नाहीं. 2023 मध्यें कंपनीनें गोल चक्र पुन्हां देऊं केलें. मौज अशी, कीं तळाशीं सपाट केलेलीं चक्रें मात्र आज आपल्याकडेही हौसेनें घेतलीं जातात. 2018 च्या मारुती स्विफ्टला तसेंच चक्र होतें. गुडघ्याला जागा हीच त्याचीही सबब! ॲलेग्रोला जें हंसले, त्यांच्याच नातवंडांना हें ऐटदार वाटतें, कारण तें शर्यतीच्या गाडीची आठवण करून देतें, आणि तीन बाजूंनीं तें गोल राहतें.

शेवटीं एका चालकाविषयीं सांगतों. आमच्या घराजवळच्या थांब्यावर साताऱ्याकडचे एक वृद्ध टॅक्सीचालक असत. त्यांना सारेजण तात्या म्हणत. त्यांची गाडी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यांत झालेली. बारीक कडेचें चक्र, आणि त्याच्या डाव्या अंगाला दांडीवरच गिअरचा दांडा. कड उन्हानें तडकली होती, म्हणून तात्यांनीं तिच्यावर स्वतः प्लास्टिकची दोरी पेडापेडानें गुंडाळली होती. मुंबईंत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. त्या नियमानें 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तात्यांची त्याच्या थोडी अगोदर गेली. नव्या गाडीचें चक्र कसें वाटतें, असें मीं त्यांना विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “हलकं आहे साहेब. फिरवलं कीं नाहीं, तेंच कळत नाहीं.” गिअर आतां खालीं होता, पण पहिले कांहीं महिने त्यांचा डावा हात संवयीनें दांडीकडेच जाई, आणि तेथें वायपरची कळ असल्यामुळें लख्ख उन्हांत कांचेवर वायपर फिरूं लागत. मागें बसलेले उतारू हंसत. तात्याही हंसत.

जुनी गाडी भंगारांत देतांना त्यांनीं चक्र तेवढें सोडवून घेतलें. तें त्यांनीं मला दाखविलें. डाव्या बाजूची दोरी जवळजवळ नव्यासारखी होती, कारण तो हात सदा गिअरवर असे. उजवीकडे वरच्या अंगाला मात्र ती पार झिजून आंतली कड उघडी पडली होती, आणि त्या जागीं तळहात ठेवून पाहिला, तेव्हां तो माझ्या मापाचा नव्हता.